डाळिंबाची साल, एक मिलिमीटरचे वर्म्स आणि म्हातारपण: छोट्या लॅबमध्ये कितपत जमतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरकडच्या एका फार्मसी कॉलेजमधल्या मॅडमना जवळच्या दाणे काढणाऱ्या युनिटमधून डाळिंबाची साल पोत्यांनी फुकट मिळते, कॉलेजला अ‍ॅनिमल हाऊस नाही, हातात दोन-अडीच लाख रुपये, आणि सी. एलिगन्स नावाच्या बारीक वर्म्सवर सालीचा अर्क टेस्ट करून 'हेल्दी एजिंग'चा प्रोजेक्ट करायचाय. होईल का, आणि प्रपोजलमध्ये 'शाश्वत स्क्रीनिंग' असं लिहिलंय त्यात नेमकं काय दाखवायचं?

होईल की मॅडम. मी सतरा वर्षं हेच करतोय, मायक्रोस्कोपला डोळा लावून मेलेले वर्म्स मोजायचं काम. फक्त तुम्हाला जे अवघड वाटतंय ते तसं अवघड नाहीये आणि जे सोपं वाटतंय तिथंच सगळे आपटतात, मीही आपटलोय, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी हे वर्म्स म्हणजे काय ते. हेही सूत्रकृमीच, आणि सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबवाल्याच्या पोटात गोळा येतो, मुळांवर गाठी करणारी जात ती. ही तिची लांबची बहीण, कुजक्या फळात, पालापाचोळ्यात बॅक्टेरिया खाऊन राहते, झाडाला नाही की माणसाला नाही, कुणालाच त्रास नाही. लांबी एक मिलिमीटर, अंग काचेसारखं आरपार, त्यामुळे जिवंतपणीच आतडं, अंडी, घशाची धडधड सगळं दिसतं. मोठ्या झालेल्या वर्मच्या अंगात अंडी-शुक्राणूंच्या पेशी सोडल्या तर मोजून ९५९ पेशी, त्यातल्या ३०२ मज्जापेशी. सिडनी ब्रेनरनं १९६० च्या दशकात केंब्रिजला हा प्राणी मुद्दाम शोधून निवडला, १९७४ मध्ये त्याचा जनुकांवरचा मोठा पेपर आला, १९९८ मध्ये पूर्ण जीनोम वाचला गेलेला पहिला बहुपेशीय प्राणी हाच, आणि २००२ मध्ये ब्रेनर, हॉरविट्झ आणि सल्स्टनला नोबेल. बहुतेक सगळे उभयलिंगी, त्यामुळे जोड्या लावायची भानगड नाही, एकटा वर्म तीनेकशे पिल्लं देतो. २० डिग्रीला अंड्यापासून अंडी घालेपर्यंत साधारण साडेतीन दिवस आणि सगळं आयुष्य अडीच-तीन आठवड्यांचं. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, तुमच्या एम.फार्म.च्या मुलीला मार्चमध्ये थिसिस द्यायचा असतो, तिला उंदराचं म्हातारपण बघायला मिळणारच नाही, वर्मचं एका सेमिस्टरमध्ये तीन-चारदा मिळतं.

आणि म्हातारपण अगदी डोळ्यांना दिसतं बरं का. तिसऱ्या दिवसाचा वर्म प्लेटवर नागासारखा वळणं घेत पळतो, पिकनं, म्हणजे वर्म उचलायच्या तारेनं, नुसतं शेपटीला शिवलं की सुसाट. दहाव्या-बाराव्या दिवशी तोच वर्म आहे तिथं मान हलवत बसतो, अंग ढिलं, घशाचा पंप तरुणपणी मिनिटाला दोनशेच्या वर चालायचा तो अडखळायला लागतो, आतड्यात न पचलेले बॅक्टेरिया साचलेले दिसतात. माझी आजी शेवटी जशी अंगणातल्या खुर्चीवरून हलायची नाही पण हाक मारली की मान वळवायची, अगदी तसं. म्हणून नुसतं किती दिवस जगला एवढंच मोजू नका, कसा जगला तेही मोजा, 'हेल्दी' शब्दाची वसुली तिथंच होते.

या प्राण्यानं म्हातारपणाच्या विज्ञानाला काय दिलं हे परीक्षक विचारतीलच. १९८८ मध्ये फ्रीडमन आणि जॉन्सननी एज-१ या जनुकात बदल झालेला वर्म, म्हणजे म्यूटंट, जास्त जगतो असं दाखवलं, १९९३ मध्ये सिंथिया केन्यनच्या लॅबनं डॅफ-२ म्यूटंट दुपटीहून जास्त जगतो असं दाखवलं आणि तिथून गाडी सुटली. कारण डॅफ-२ म्हणजे आपल्या इन्सुलिन रिसेप्टरचा भाऊबंद निघाला, आणि त्याच्या हाताखाली काम करणारं डॅफ-१६ म्हणजे आपल्याकडचं फॉक्सो नावाचं प्रोटीन. म्हणजे रस्ता माणसातही तोच आहे, फक्त माणसात त्यावर ट्रॅफिक फार.

आता 'शाश्वत'कडे येतो, कारण बहुतेक प्रपोजलमध्ये याचा अर्थ 'उंदीर मारले नाहीत' एवढाच असतो. ते आहेच, पण माझ्या मते खरा मुद्दा मालाचा आहे. हिशेब करून बघा. ३० ग्रॅमचा उंदीर, किलोमागे १०० मिग्रॅ अर्क रोज, म्हणजे दिवसाला ३ मिग्रॅ. दोन वर्षांचे ७३० दिवस, एका उंदराला जवळजवळ २.२ ग्रॅम, आणि आयुष्य मोजायचं तर शंभर उंदीर तरी हवेत, म्हणजे २२० ग्रॅम अर्क. सालीतून पाच टक्के अर्क सुटतो धरलं तर साडेचार किलो वाळकी साल. डाळिंबाच्या सालीचं ठीक आहे हो, ती उकिरड्यावरच जाणारे. पण एखाद्या झाडाच्या खोडात हजारात एक भाग असणारं शुद्ध संयुग त्याच मापानं द्यायचं असेल तर हाच हिशेब दोन क्विंटलच्या वर खोडावर जातो, आणि तेही ते काम करतंय की नाही हे कळायच्या आधी! वर्म्सना ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये एका खड्ड्यात १५० मायक्रोलिटर पाणी, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अर्क, म्हणजे खड्ड्याला १५ मायक्रोग्रॅम, साठ खड्डे भरले तरी एक मिलिग्रॅम पुरा होत नाही. अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर केलं तर जास्त लागतो, एका प्लेटला एक मिलिग्रॅम, पहिला आठवडा रोज आणि मग दर दोन दिवसांनी नवी प्लेट, पाच प्लेटचा संच, तरी सगळा एक रिपीट शंभर मिलिग्रॅमच्या आत बसतो. झाडाचं एक पान, एखादी फांदी. झाड जागेवर राहतं.

हे मी उगाच ताणत नाहीये. आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मन्रो वॉलबरोबर काम करायचे, त्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल या दोन कॅन्सरविरोधी संयुगांची रचना जगासमोर मांडली. केवढं मोठं काम. पण टॅक्सॉल यायचं पॅसिफिक यू नावाच्या अतिशय हळू वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून, आणि साल काढली की झाड मेलं. शेवटी युरोपातल्या यूच्या पानांतून टॅक्सॉलच्या आधीच्या पायरीचं संयुग काढून त्यापासून औषध बनवायची पद्धत आली तेव्हा कुठं श्वास मिळाला. आणि कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडतं हे १९७२ मध्ये कळलं, त्यानंतर नरक्याचं काय झालं ते आंबोली-महाबळेश्वरकडच्या कुठल्याही जुन्या वनरक्षकाला विचारा, ट्रकनं लाकूड गेलं. 'नैसर्गिक' शब्द आला की लोक डोळे मिटून शाश्वत समजतात, तसं नसतं. उलट रापामायसिन बघा, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या बॅक्टेरियातून आलेलं, सुरेन सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं कॅनडात त्यावर काम केलं, आणि २००९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांनाही ते दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं असं आलं. बॅक्टेरिया टाकीत वाढतो, एक झाड तोडावं लागत नाही.

तर तुमची निवड, म्हणजे वाया जाणारी साल, ही या सगळ्यात उत्तम आहे, प्रपोजलमध्ये हाच मुद्दा पुढे आणा.

आता सालीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, नाहीतर पहिल्याच प्रेझेंटेशनला अडकाल. तुम्ही कुठंतरी वाचलं असेल की डाळिंबानं वर्म्स ४५ टक्के जास्त जगले. ते काम २०१६ चं, स्वित्झर्लंडमधल्या गटाचं, आणि त्यांनी डाळिंब दिलंच नव्हतं, युरोलिथिन ए दिलं होतं. सालीत असतात एलॅजिटॅनिन नावाचे तुरट पदार्थ, प्युनिकॅलॅजिन वगैरे, त्यांचं युरोलिथिन करतात माणसाच्या आतड्यातले काही खास बॅक्टेरिया, आणि तेही सगळ्या माणसांत नसतात. तुमच्या वर्मच्या पोटात असतो फक्त ओपी-५०, लॅबमध्ये वर्मला खायला देतात तो ई. कोलाय बॅक्टेरियाचा एक गरीब प्रकार, त्याच्याकडून ही कामगिरी व्हायची नाही. म्हणजे सालीचा अर्क देऊन काही मिळालं तर ते युरोलिथिनमुळे नाही, दुसऱ्याच कशामुळे, आणि ते 'दुसरं' शोधणं हाच तुमचा प्रोजेक्ट. शक्य झालं तर शुद्ध युरोलिथिन ए थोडं विकत घेऊन पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जिथं परिणाम दिसायलाच हवा असा तुलनेचा गट, म्हणून ठेवा.

आता माझं आपटणं सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका झाडाच्या सालीचा अर्क, नाव नको, भरपूर टॅनिनवाला, वर्म्स सव्वापट जगायला लागले. तीनदा केलं, तीनदा तेच. लॅबमध्ये पेढे वाटले, पेपर लिहायला घेतला. एका पीएचडीच्या मुलीनं सहज विचारलं की सर, अर्काच्या प्लेटवर बॅक्टेरियाचा थर पातळ का दिसतो हो. बघितलं तर खरंच, कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न टाकलेल्या, प्लेटवर ओपी-५०चा थर दुधाच्या सायीसारखा आणि अर्काच्या प्लेटवर नुसता पुसट डाग. दोन गोष्टी एकदम झालेल्या. एक म्हणजे अर्क बॅक्टेरिया मारत होता, आणि जिवंत ओपी-५० म्हाताऱ्या वर्मच्या आतड्यात वाढून त्याला मारतो हे जुनं ज्ञान आहे, तुम्ही अँटिबायोटिक टाकलं तरी वर्म जास्त जगतो. दुसरं म्हणजे खायलाच कमी म्हणून वर्म उपाशी, आणि उपाशी वर्म जास्त जगतो, तेही जुनंच. म्हणजे आमच्या अर्कानं म्हातारपण रोखलं नव्हतं, त्यानं पोरांचा डबा पळवला होता. मग बॅक्टेरिया आधी मारून, त्याच्यावर अर्क देऊन परत केलं, फरक गायब. पेपर गेला. पेढे मात्र खाऊन झाले होते.

म्हणून डाळिंबाच्या सालीला, जिच्यात टॅनिन ठासून भरलंय, हा प्रयोग पहिल्या आठवड्यात करा, शेवटच्या नाही. ओपी-५० यूव्हीखाली किंवा गरम करून मारायचा, आणि मेला का ते एलबी म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटवर घासून दुसऱ्या दिवशी बघायचं, अंदाजपंचे नको. जिवंत आणि मेलेला, दोन्ही बॅक्टेरियावर अर्क सारखाच चालला तर तुमच्या हातात काहीतरी आहे. फक्त जिवंतावर चालला तर तोही निकालच आहे, पण त्याची गोष्ट वेगळी. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाचं हेच झालं, २०१३ मध्ये दाखवलं गेलं की वर्म्समध्ये त्याचा बराचसा परिणाम ई. कोलायचं फोलेट आणि मेथिओनिनचं काम बिघडवून होतो. तो पेपर गाजला, कारण त्यांनी बॅक्टेरियाला गृहीत धरलं नाही.

खाणं कमी झालं का हे बघायला वेगळं काही मशीन लागत नाही. घशातला पंप ३० सेकंद मोजायचा, मोबाईलवर व्हिडिओ काढून स्लो करून मोजला तरी चालतं, प्रत्येक गटात वीसेक वर्म्स. आणि पिल्लं किती होतात, अंगानं बारीक झालेत का, मोठे व्हायला वेळ लागतोय का, हे तिन्ही सांगतात की अर्क विष आहे की औषध. थोडं विषसुद्धा आयुष्य वाढवतं, अंगाला सावध करून, पण त्याला 'हेल्दी एजिंग टॉनिक' म्हणून विकायला निघू नका.

पुढचा खड्डा तुमच्या भागाचाच आहे. डाळिंबावर तेल्या हा बॅक्टेरियाचा रोग येतो, त्याच्यासाठी शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिन मारलेलं आहे, आणि सूत्रकृमीसाठी मुळाशी सूत्रकृमीनाशक सोडलेलं. आता विचार करा, सालीवर तांबं, अँटिबायोटिक आणि वर्म मारायचं औषध यातलं काहीही शिल्लक असेल तर तुमचा प्रयोग कशाचा होणार? त्यामुळे युनिटमधली मिसळ साल नको. एकाच बागेतली, शक्यतो सेंद्रिय किंवा फवारणीची वही ठेवणाऱ्या शेतकऱ्याची, भगवा वाण म्हणजे भगवाच, तोडणीची तारीख लिहिलेली, आणि एका नमुन्याचं रेसिड्यू आणि जड धातूंचं टेस्टिंग बाहेरून करून घ्या, पैसे जातात पण वाचतातही. सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांच्याशी आधी बोला, बागेची शिफारस तिथून मिळाली तर अर्ध काम झालं. दुसऱ्या कुठल्या झाडावर जाणार असाल तर हर्बेरियम नमुना करून पुण्यात बीएसआय (बॉटनिकल सर्व्हे) किंवा आघारकर संशोधन संस्थेतून ओळख पटवून घ्या. बाजारातली 'अशोक साल' बऱ्याचदा अशोकाची नसतेच, आसुपालवाची असते, हे फार्मसीवाल्यांना मी काय सांगायचं.

अर्क काढताना पाणी किंवा पाणी-इथेनॉल वापरा. हेक्सेन, क्लोरोफॉर्म, पेट्रोलियम ईथर अशी सगळी माळ लावायची परंपरा आपल्याकडे आहे, थिसिस जाड होतो एवढाच फायदा. शाश्वत लिहिलंय ना मग ड्रममधून क्लोरोफॉर्म ओतू नका. शेवटी विरघळवायला डीएमएसओ लागलाच तर अर्धा टक्का किंवा खाली ठेवा आणि तेवढाच कंट्रोलमध्येही टाका, कारण डीएमएसओ एकटासुद्धा वर्मचं आयुष्य हलवतो. अर्काची एकच बॅच मोठी करून लहान लहान ट्यूबमध्ये उणे ८० किंवा निदान उणे २० ला ठेवा, दर महिन्याला नवी साल उकळली की दर महिन्याला नवा निकाल येणार.

वर्मच्या अंगावरचं क्यूटिकल, म्हणजे बाहेरचं चिवट आवरण, हा आणखी एक दादा माणूस. हजारावर औषधासारखी संयुगं तपासून २०१० मध्ये एका गटानं दाखवलं होतं की त्यातली दहा टक्क्यांहून कमीच वर्मच्या अंगात नीट साठतात, म्हणजे बाहेरच्या मापाच्या निम्म्याहून वर जातात. याचा अर्थ काय, तर वर्मवर काही झालं नाही म्हणजे संयुग टाकाऊ असं नाही, कदाचित आत गेलंच नसेल. प्लेटवर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम दिलं म्हणून वर्मला तेवढं मिळालं असं कधीही लिहू नका.

आता रोजचं काम. माध्यम एनजीएम, एक लिटरला ३ ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम पेप्टोन, १७ ग्रॅम अगर, ऑटोक्लेव्ह करून थोडं कोमट झाल्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट बफर आणि इथेनॉलमधलं कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल विसरू नका, वर्मला ते स्वतः करता येत नाही, पहिल्या पिढीत कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत सगळे रोडावतात आणि मुलं महिनाभर डोकं खाजवत बसतात. पिक म्हणजे काचेच्या नळीत बसवलेली प्लॅटिनमची तार, टोक चपटं केलेलं, आणि म्हाताऱ्या वर्म्सना शिवायला टूथपिकला चिकटवलेला भुवईचा केस, हसू नका, जगभर हेच चालतं, तारेनं म्हाताऱ्याची कातडी फाटते. वय सारखं करायला अंडीवाल्या आया ब्लीच आणि कॉस्टिकमध्ये विरघळवायच्या, अंडी तेवढी वाचतात. तीन-चारदा नाकाच्या टोकाला आणि शेपटीला शिवून हललाच नाही तर मेला म्हणून लिहायचं. प्लेटच्या भिंतीवर चढून वाळलेला, हरवलेला, किंवा पोटातच पिल्लं फुटून गेलेला, ज्याला आम्ही बॅगिंग म्हणतो, तो 'सेन्सॉर' म्हणून वेगळा लिहायचा, मेलेल्यात धरायचा नाही, फेकूनही द्यायचा नाही. गटात शंभरच्या वर वर्म्स, तीन वेगवेगळ्या वेळी सुरू केलेले रिपीट. एकाच दिवशी ओतलेल्या तीन प्लेट म्हणजे तीन रिपीट नव्हेत, ही चूक मी इतक्या थिसिसमध्ये बघितलीय की आता पहिलं तेच पान उघडतो.

आणि प्लेटवर नाव लिहायचं नाही! दुसऱ्या कुणीतरी कोड टाकायचा, मोजणाऱ्याला अर्क कुठला ते माहीत नको. आपल्याला हवं असतं तेव्हा अर्धमेला वर्म हललेला दिसतोच, मला अजून दिसतो.

पिल्लांचा प्रश्न येईल, ती मोजायच्या वर्म्समध्ये मिसळतात. लोक एफयूडीआर टाकतात, अंडी फुटत नाहीत, काम सोपं होतं. मी टाळायला सांगेन. एक तर ते पेशींना विषारी, हातमोज्यांपासून कचऱ्यापर्यंत सगळी काळजी घ्यावी लागते, तुमच्या 'शाश्वत'ला शोभत नाही. दुसरं म्हणजे काही म्यूटंट्समध्ये ते स्वतःच आयुष्य बदलतं. पहिले सहा-सात दिवस रोज आयांना नव्या प्लेटवर उचलून ठेवा, मान मोडते, पण निकालावर विश्वास बसतो.

तापमान. इथं सोलापूर-पुणे-नाशिक सगळे सारखेच मरतात. वर्मला २० डिग्री हवं, आणि १५ ला तो जास्त जगतो, २५ ला कमी, म्हणजे तापमान हेच तुमच्या अर्काहून मोठं औषध आहे. साधा बॅक्टेरियाचा इन्क्युबेटर चालत नाही, त्याला फक्त गरम करता येतं, तुम्हाला थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा, यूपीएसवर. आमची एक मे महिन्यातली आख्खी बॅच शनिवारी रात्री लाईट गेली त्यात गेली, सोमवारी उघडला तर आत ३४ डिग्री आणि प्लेटवर सगळे सरळ काड्यांसारखे. तेव्हापासून कमाल-किमान दाखवणारं साडेतीनशे रुपयांचं थर्मामीटर आत ठेवतो आणि रोज सकाळी आकडा वहीत. पावसाळ्यात बुरशी येते, अगर घालायच्या आधी एसी आणि खिडक्या बघून घ्या. कंट्रोल आणि अर्क एकाच रॅकवर, जागा अदलाबदल करत.

हे सगळं बारीकसारीक वाटेल, पण अमेरिकेत याच्यावर आख्खा कार्यक्रम उभा आहे, सीआयटीपी नावाचा, तीन संस्था, बक इन्स्टिट्यूट, ओरेगॉन आणि रटगर्स विद्यापीठं, एकच संयुग तिन्हीकडे तपासतात. सुरुवातीला एकमेकांशी आकडे जुळेचनात. खोदून काढलं तर कुणी वय अंडं घातल्यापासून मोजतंय, कुणी फुटल्यापासून, असली कारणं. मग प्रत्येक हालचाल लिहून काढली तेव्हा जुळायला लागलं. २०१७ मध्ये त्यांनी २२ स्ट्रेन्सवर, म्हणजे वर्म्सच्या वेगवेगळ्या वाणांवर, दहा संयुगांचा निकाल दिला, त्यात थायोफ्लेविन टी हा रंग सगळ्यात भरवशाचं निघालं आणि बरीच गाजलेली नावं एका स्ट्रेनवर चालली, दुसरीवर नाही. म्हणून तुम्हीही एन-२ ही नेहमीची स्ट्रेन धरून आणखी एक तरी रानटी स्ट्रेन घ्या, मग तुमचा निकाल एका घराण्याचा राहत नाही.

मशीनचं विचारलंय म्हणून सांगतो, फ्लॅटबेड स्कॅनर, ऑफिसमधले कागद स्कॅन करायचे तेच, थोडे बदलून त्यावर प्लेट ठेवून वर्म्स कधी हलायचे थांबले ते आपोआप नोंदवायची पद्धत २०१३ मध्ये आली. भारी आहे, पण पहिल्या वर्षी हातानंच करा, हाताला वर्म कळला की मग स्कॅनरच्या चुकाही कळतात. पहिल्या वर्षाचा खर्च खरा म्हणजे बीओडी, एक बरा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि यूपीएस, मायक्रोस्कोप डिपार्टमेंटमध्ये असला तर तुमच्या बजेटमध्ये हे बसेल. प्लास्टिक प्लेटचा ढीग फार होतो, आम्ही रोजच्या पैदाशीला काचेच्या पेट्री परत वापरतो, फक्त मोजणीच्या प्लेट प्लास्टिकच्या. वापरलेल्या ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर, हे सांगायला नको.

पुढे जायचं तर म्यूटंट मागवा. अर्क एन-२ वर चालला आणि डॅफ-१६ नसलेल्यावर चालला नाही तर तो त्या इन्सुलिनच्या रस्त्यावर काहीतरी करतोय. ईट-२ म्यूटंट जन्मजात कमी खातो, त्याच्यावर अर्कानं आणखी काहीच वाढलं नाही तर संशय उपाशीपणाचा. डॅफ-१६ला हिरवा चमकणारा टॅग लावलेली स्ट्रेन आहे, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप शेजारच्या कॉलेजात असेल तर प्रोटीन केंद्रकात शिरताना दिसतं, हिरवे ठिपके ठिपके, पोरांना फार आवडतं. पण वर्म स्लाइडवर जास्त वेळ ठेवला तरी ताणानं तेच ठिपके येतात, घड्याळ लावून काम करा.

प्रपोजलच्या शेवटी काय दावा करायचा याबद्दल कडक बोलतो, राग मानू नका. वर्मला हृदय नाही, रक्त नाही, हाडं नाहीत, मोठा झाल्यावर अंगातल्या पेशी विभागत नाहीत म्हणून आपल्यासारखा कॅन्सर नाही. 'डाळिंबाच्या सालीनं आयुष्य वाढतं' हे वाक्य तुमच्या पेपरमध्ये, कॉलेजच्या बातमीत, कुठंही यायला नको. वर्म्सचं काम आहे 'नाही' म्हणून सांगायचं, निरुपयोगी अर्क गाळायचं. वीस अर्क घातले, सतरा बाद झाले, दोन बॅक्टेरिया मारत होते म्हणून बाद, एक उरला, तर त्या एकासाठी पुढे कुणीतरी उंदीर वापरेल, बाकी एकोणिसांसाठीचे उंदीर आणि झाडं वाचली. एवढं लिहा, 'शाश्वत'चा अर्थ परीक्षकाला आपोआप कळेल. बाद झालेल्यांचे आकडेही छापा, नाहीतर तीच साल दुसरं कॉलेज पुढच्या वर्षी परत उकळत बसेल.

कायद्याचं एक. वर्म्सवर कामाला आपल्याकडे उंदरांसारखी प्राणी समितीची फाईल सहसा लागत नाही, तरी कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीला कळवून ठेवा. वनस्पतीच्या बाजूनं मात्र २००२ चा जैवविविधता कायदा आहे. उद्या कुणी कंपनी किंवा परदेशी प्राध्यापक 'कोलॅबरेशन करू' म्हणाला तर नमुना पाठवायच्या आधी नागपूरचं राज्य जैवविविधता मंडळ आणि चेन्नईचं राष्ट्रीय प्राधिकरण, कुणाची काय परवानगी लागते ते विचारा. नमुना गेल्यावर नाही.

वर्म्ससाठी मिनेसोटाच्या स्ट्रेन सेंटरला पैसे आणि कागद पाठवायची घाई नको. आपल्याकडेही संशोधन संस्था आहेत, मुंबईत टीआयएफआर, दिल्लीत एनआयआय, लखनौला सीमॅप, जिथं औषधी वनस्पती आणि वर्म्स हेच वर्षानुवर्षं चाललंय, बरेच लोक मागितलं की देतात, वर्मवाले त्या बाबतीत दिलदार. माझ्याकडून एन-२ आणि ओपी-५० हवे असतील तर कॉलेजच्या लेटरहेडवर दोन ओळी पाठवा आणि मुलीलाच पुण्याला पाठवा, दोन दिवस बसून पिक धरायला शिकेल, जाताना पॅराफिल्म लावलेल्या दोन प्लेट डब्यात घेऊन जाईल. फक्त फेब्रुवारीच्या आत या. उन्हाळ्यात एसटीतून वर्म्स न्यायचे म्हणजे सोलापूर येईपर्यंत त्यांचं वय सांगता येत नाही.